ट्रे उघडतो, पण ड्राइव्ह दिसत नाही

बटण दाबलं की ट्रे बाहेर येतो. डिस्क ठेवून ढकलला की आत जातो, मोटर घरघरते, समोरचा दिवा लुकलुकतो. आणि तरीही ‘माय कॉम्प्युटर’ उघडल्यावर तिथे सी दिसतो, डी दिसतो, डीव्हीडीचा ई मात्र गायब. काल होता, आज नाही. जुन्या विंडोज कॉम्प्युटरवर हा अनुभव असंख्य लोकांनी घेतला आहे, आणि त्यातल्या पुष्कळांनी ‘ड्राइव्ह गेला’ असं समजून चांगला चालता ड्राइव्ह भंगारात काढला आहे. त्यांच्या ड्राइव्हला बहुधा काहीच झालेलं नव्हतं. बिघाड विंडोजच्या आत, नोंदींच्या एका ओळीत होता, आणि तो घरबसल्या, एक पैसा खर्च न करता दुरुस्त होण्याजोगा होता.

ट्रे उघडणं-मिटणं, मोटर फिरवणं, दिवा लावणं ही सगळी कामं ड्राइव्ह स्वतःच्या सर्किटवर करतो. त्याला लागते फक्त वीज, आणि विजेची तार वेगळी असते. मदरबोर्डकडे जाणारी माहितीची केबल काढून ठेवली तरी ट्रे तितक्याच झोकात उघडेल. म्हणजे ट्रे उघडला यावरून एवढंच कळतं की वीज पोचते आहे. मदरबोर्डला ड्राइव्ह दिसतो का, हा पुढचा प्रश्न, आणि विंडोजला दिसतो का, हा त्याहून पुढचा. हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारले, तर दुरुस्तीचं अर्धं काम तिथेच होतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बायोसमध्ये मिळतं. कॉम्प्युटर सुरू होताना, विंडोजचं चिन्ह येण्याआधी, डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसच्या पडद्यावर गेलं की जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. तिथे ड्राइव्हचं मॉडेल नावानिशी लिहिलेलं असेल, तर केबल आणि ड्राइव्ह दोन्ही जागेवर आहेत आणि शोध विंडोजमध्ये घ्यायचा. तिथे नावच नसेल, तर विंडोजमध्ये कितीही उलथापालथ केली तरी उपयोग नाही. कॅबिनेट उघडावं लागेल.

आणखी खात्री हवी असेल तर लिनक्सची लाइव्ह आवृत्ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावी. ती हार्ड डिस्कला हात लावत नाही आणि विंडोजवर मुळीच अवलंबून नसते. लिनक्समध्ये डिस्क उघडली आणि विंडोजमध्ये उघडली नाही, की ड्राइव्ह निर्दोष ठरतो.

मग यायचं डिव्हाइस मॅनेजरकडे. ‘माय कॉम्प्युटर’वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, हार्डवेअर. डीव्हीडी आणि सीडी-रॉमच्या ओळीखाली ड्राइव्हचं नाव असतं आणि त्यावर पिवळं उद्गारचिन्ह. त्यावर दोनदा क्लिक केलं की एक वाक्य आणि शेवटी कोड येतो. बहुतेक लोक हा कोड न वाचता खिडकी बंद करतात, आणि नेमकं निदान तिथेच लिहिलेलं असतं. कोड १९ म्हणजे रजिस्ट्रीतली (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतली) या उपकरणाची माहिती अपुरी आहे किंवा बिघडली आहे. ३१ म्हणजे लागणारे ड्रायव्हर विंडोजला चढवता येत नाहीत. ३२ म्हणजे ड्रायव्हर कुणीतरी बंद करून ठेवला आहे. ३९ म्हणजे ड्रायव्हर खराब आहे किंवा सापडत नाही. ४१ म्हणजे ड्रायव्हर चढला, पण उपकरण सापडलं नाही. नोंदीतला बिघाड सहसा यांतलाच एखादा कोड दाखवतो.

३९ वाचल्यावर माणूस साहजिकच ड्राइव्हच्या कंपनीचा ‘ड्रायव्हर’ शोधायला निघतो. इथेच पुष्कळांची फसगत होते, कारण असा ड्रायव्हर नसतोच. विंडोज एक्सपी असो, व्हिस्टा असो की सेव्हन, डिस्क वाचणारा ड्रायव्हर विंडोजचा स्वतःचा आहे: ‘सीडीरॉम डॉट सिस’ नावाची छोटी फाइल, सिस्टीम३२ च्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये बसलेली. सोनी, एलजी, सॅमसंग, लाइट-ऑन, कुणाचाही ड्राइव्ह असला तरी तीच चालते. कंपनीकडून मिळतं ते फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या चिपमधला प्रोग्रॅम, आणि ती वेगळी गोष्ट. ‘तुमच्या डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर इथे मिळेल’ असं सांगून काहीतरी उतरवायला लावणाऱ्यांपासून म्हणूनच दूर राहिलेलं बरं. त्यांच्याकडे देण्यासारखं काही नसतं, आणि जे ते देतात ते कॉम्प्युटरमध्ये शिरू न देणंच हिताचं.

हे सुख कायम होतं असं मात्र नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सीडी-रॉम ड्राइव्ह घेणं म्हणजे त्यासोबत एका कंपनीची जोडणीही विकत घेणं होतं. मित्सुमीची जोडणी वेगळी, पॅनासोनिकची वेगळी, सोनीची वेगळी. साउंड कार्डांवर या जोडण्यांच्या पिना असत आणि ड्राइव्ह तिथे लावला जाई. प्रत्येकाचा डॉसचा ड्रायव्हरही स्वतंत्र. तो ‘कॉन्फिग डॉट सिस’ या फाइलमध्ये एका ओळीने चढवायचा आणि त्याला एक नाव द्यायचं, बहुधा ‘एमएससीडी००१’. मग ‘ऑटोएक्झेक डॉट बॅट’मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘एमएससीडेक्स’ हा प्रोग्रॅम तेच नाव देऊन चालवायचा. दोन फाइलींतलं नाव एका अक्षराने चुकलं तरी ड्राइव्हला अक्षर मिळत नसे. त्या काळात दुरुस्ती शिकलेल्या लोकांना या दोन ओळी आजही तोंडपाठ असतात.

हा गुंता सुटला तो एटापी या समान आज्ञासंचामुळे. हार्ड डिस्क ज्या आयडीई केबलवर बसे, त्याच केबलवर सीडी ड्राइव्हही बसू लागला आणि सगळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह एकाच बोलीत बोलू लागले. तरी एक अडचण उरली. विंडोज स्वतःच सीडीवर येऊ लागली, पण ती सीडी वाचायला ड्रायव्हर आधी हवा. विंडोज ९५ च्या स्टार्टअप फ्लॉपीवर तो नव्हता. विंडोज ९८ च्या फ्लॉपीवर ‘ओकसीडीरॉम डॉट सिस’ हा सर्वसाधारण ड्रायव्हर आला आणि असंख्य दुरुस्तीवाल्यांनी ती एक फ्लॉपी वर्षानुवर्षं खिशात बाळगली. तिची एक खोड त्यांना ठाऊक असे: ती मेमरीत एक तात्पुरता ड्राइव्ह तयार करी आणि सीडीचं अक्षर एकाने पुढे ढकले. डी वर शोधायची सीडी ई वर सापडे. नवशिका डी उघडून ‘सीडी लागत नाही’ म्हणून बसे.

समान आज्ञासंच आणि विंडोजचा घरचा ड्रायव्हर, एवढं असूनही ड्राइव्ह नाहीसा का होतो? याचं उत्तर फिल्टर ड्रायव्हरमध्ये आहे.

विंडोजमध्ये एखादं उपकरण एकट्या ड्रायव्हरवर चालत नाही. एकावर एक ड्रायव्हर रचलेले असतात. तळाशी केबलशी बोलणारा, त्यावर डिस्कची भाषा जाणणारा सीडीरॉम. या रचनेत इतर प्रोग्रॅमनाही आपला ड्रायव्हर घुसवायची मुभा आहे. सीडीरॉमच्या वर बसला तर अप्पर फिल्टर, खाली बसला तर लोअर फिल्टर. सीडी लिहिणारे प्रोग्रॅम हे सर्रास करत. ॲपलच्या आयट्यून्ससोबतही विंडोजवर सीडी लिहिण्यासाठी ‘गिअरॲस्पीडब्ल्यूडीएम’ नावाचा फिल्टर येत असे. त्यात गैर काही नाही. ड्राइव्हकडे जाणारी प्रत्येक आज्ञा वाटेत पाहण्याची ती रीतसर सोय आहे.

गडबड होते ती प्रोग्रॅम काढून टाकताना. फिल्टरची फाइल पुसली जाते, पण ‘आधी याला बोलवा’ ही नोंद रजिस्ट्रीत राहून जाते. कचेरीत फाइल ज्या टेबलावरून जायची त्या टेबलावरचा कारकून निवृत्त झालाय, खुर्ची रिकामी आहे, पण त्याची सही झाल्याशिवाय फाइल पुढे सरकायची नाही, तसा हा प्रकार. विंडोज त्या नावाचा ड्रायव्हर शोधते, तो सापडत नाही, आणि मग ती संपूर्ण रचनाच उभी करायला नकार देते. सीडीरॉमची फाइल धडधाकट असते, ड्राइव्ह धडधाकट असतो, आणि डिव्हाइस मॅनेजर कोड ३९ दाखवत असतो.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २००५ सालचं आहे. विंडोजच्या अंतरंगाचा जाणकार म्हणून ओळखला जाणारा अमेरिकन अभियंता मार्क रसिनोविच आपणच लिहिलेल्या एका तपासणी-साधनाची चाचणी घेत होता. त्याच्याच कॉम्प्युटरवर त्या साधनाला लपवलेल्या फाइली सापडल्या. मागोवा घेत गेल्यावर उगम निघाला व्हॅन झांट बंधूंच्या एका ऑडिओ सीडीत. ही सीडी सोनी बीएमजी कंपनीची होती. नक्कल रोखण्यासाठी कंपनीने ‘फर्स्ट फोर इंटरनेट’ या ब्रिटिश कंपनीचा एक्ससीपी हा प्रोग्रॅम त्यात घातला होता. सीडी कॉम्प्युटरवर ऐकायला गेलं की हा प्रोग्रॅम आत शिरे, आणि ज्या फाइलींची नावं एका ठरावीक खुणेने सुरू होतात त्या सगळ्या विंडोजपासून लपवून ठेवी.

रसिनोविचने त्या फाइली आणि त्यांच्या नोंदी हाताने काढून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. त्याचा सीडी ड्राइव्ह नाहीसा झालेला होता. एवढ्या मुरलेल्या माणसालाही तेच दिसलं जे सामान्य माणसाला दिसतं: एक्सप्लोररमध्ये ड्राइव्हच नाही. त्याने डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या ड्रायव्हरांची यादी पाहिली, तेव्हा कळलं की एक्ससीपीने सीडी ड्राइव्हवर आणि आयडीई वाहिनीवरही आपले फिल्टर बसवले होते. फाइली गेल्या, नोंदी राहिल्या. त्या नोंदी उपकरणाच्या अशा कप्प्यात होत्या जिथे ॲडमिनिस्ट्रेटरलाही बदल करता येत नाही. शेवटी त्याने रजिस्ट्री एडिटर खुद्द विंडोजच्या सिस्टीम खात्याच्या अधिकाराने चालवून त्या पुसल्या, तेव्हा ड्राइव्ह परत आला. ३१ ऑक्टोबर २००५ ला त्याने हे सगळं जाहीर केलं. दोन-तीन आठवड्यांत सोनी बीएमजीला एक्ससीपी असलेल्या ५२ अल्बमांच्या सीडी बाजारातून परत मागवाव्या लागल्या आणि टेक्सास राज्याने कंपनीवर खटला भरला. पैसे मोजून आणलेल्या गाण्याच्या सीडीने घरातला ड्राइव्ह ओलीस ठेवावा, हे लोकांना सहन झालं नाही, आणि ते योग्यच झालं.

सामान्य बिघाडात एवढ्या खोलवर जावं लागत नाही. पहिला उपाय अगदी साधा: डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या नावावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करायचं आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा. विंडोज ड्राइव्ह नव्याने शोधते. शिळी फिल्टर-नोंद हे कारण असेल, तर याने फरक पडत नाही. कारण ती नोंद एकट्या ड्राइव्हपाशी नसते, सीडी ड्राइव्हांच्या संपूर्ण वर्गाच्या कप्प्यात असते.

त्या कप्प्यापर्यंत जाण्याआधी दोन गोष्टी करायच्याच. सिस्टीम रिस्टोरचा एक पॉइंट तयार करायचा, आणि ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातूनच लॉग-इन करायचं. मग स्टार्ट, रन, ‘रीजेडिट’. डावीकडच्या झाडात एचकी लोकल मशीन, सिस्टीम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास असं उतरत जायचं. क्लासखाली कंसातल्या लांबलचक आकड्यांचे बरेच कप्पे दिसतात. आपल्याला हवा तो ‘४डी३६ई९६५’ने सुरू होणारा. तो निवडला की उजवीकडे वर्गाचं नाव ‘सीडीरॉम’ असं दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर आपण चुकीच्या जागी आहोत.

ही खातरजमा किती महत्त्वाची आहे, हे शेजारचे कप्पे पाहिल्यावर कळतं. ‘४डी३६ई९६७’ हा हार्ड डिस्कांचा कप्पा. ‘४डी३६ई९६बी’ कीबोर्डचा, ‘४डी३६ई९६एफ’ माउसचा. सगळ्यांत फरक एका अक्षराचा. आणि तिथेही अप्पर फिल्टर्स नावाच्या नोंदी असतात, फक्त त्या विंडोजच्या स्वतःच्या आणि अत्यावश्यक असतात. कीबोर्डच्या कप्प्यातली ‘केबीडीक्लास’ पुसली तर पुढच्या वेळी कीबोर्डच चालणार नाही. हार्ड डिस्कच्या कप्प्यातली पुसली तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकू शकते. ‘जिथे जिथे अप्पर फिल्टर्स दिसेल तिथे तिथे पुसा’ असा सल्ला कुणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये.

योग्य कप्प्यात पोचल्यावर फाइल मेनूतून एक्सपोर्ट करून तो कप्पा आधी जपून ठेवायचा. मग उजवीकडे ‘अप्पर फिल्टर्स’ आणि ‘लोअर फिल्टर्स’ ही दोन नावं शोधायची. काही वेळा एकच असते. नावापुढे ‘डॉट बॅक’ जोडलेली नोंद दिसली तर ती जुनी प्रत आहे, तिला हात लावायचं कारण नाही. दोनदा क्लिक केलं की त्यात कोणते ड्रायव्हर नोंदवले आहेत ते ओळींनी दिसतं. ती नावं कागदावर उतरवून घ्यावीत; बिघाडाला कोणता प्रोग्रॅम कारण होता हे त्यातून कळतं. मग ती नोंद पुसायची, एडिटर बंद करायचा, रीस्टार्ट करायचं. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या मदत-लेखात हाच उपाय दिला होता.

ड्राइव्ह परत येतो, पण ज्यांचे फिल्टर निघाले ते प्रोग्रॅम कुरकुर करू शकतात. आयट्यून्स तर उघडताच सीडी लिहिण्याच्या ड्रायव्हरची नोंद सापडत नसल्याचं सांगतं. तो प्रोग्रॅम लागत असेल तर पुन्हा टाकायचा, म्हणजे तो आपली नोंद आणि फाइल दोन्ही नीट बसवतो. लागत नसेल तर पूर्ण काढून टाकावा.

कोड ३२ चं कारण वेगळं. त्याच करंट कंट्रोल सेटखाली सर्व्हिसेसमध्ये ‘सीडीरॉम’ नावाचा कप्पा असतो आणि त्यात ‘स्टार्ट’ ही नोंद. तिची किंमत १ हवी. ४ असेल तर ड्रायव्हर बंद ठेवलेला आहे. १ करून रीस्टार्ट केलं की काम होतं.

जुन्या कॉम्प्युटरवर नवी विंडोज चढवल्यावर उद्भवणारी एक निराळी अडचण आहे. २०१५ च्या जुलैत विंडोज १० आली आणि सेव्हनवरून तिच्यावर गेलेल्या अनेकांचा डीव्हीडी ड्राइव्ह डिव्हाइस मॅनेजरमधूनही गेला. पिवळं चिन्ह नाही, कोड नाही, काहीच नाही. मायक्रोसॉफ्टने सुचवलेला उपाय असा: सर्व्हिसेसखाली ‘एटापी’ कप्प्यात ‘कंट्रोलर०’ नावाचा उपकप्पा तयार करायचा आणि त्यात ‘एनम डिव्हाइस१’ नावाची डीवर्ड नोंद करून तिची किंमत १ ठेवायची. एवढ्याने पुष्कळ लॅपटॉपांतले ड्राइव्ह पुन्हा दिसू लागले.

कधी ड्रायव्हर ठीक असतो, फक्त अक्षराची भानगड असते. कचेरीच्या नेटवर्कवरचा ड्राइव्ह ई म्हणून जोडलेला असतो आणि त्याच अक्षरावर डीव्हीडी बसू पाहते. कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधल्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये गेलं की डीव्हीडी तिथे दिसते. तिच्यावर राइट क्लिक करून तिला दुसरं मोकळं अक्षर द्यायचं.

एक्सपीवरचा आणखी एक बिघाड फार कमी लोकांच्या लक्षात येतो, कारण त्यात ड्राइव्ह गायब होत नाही, नुसता मंदावतो. सिनेमा अडखळतो, आवाज तुटतो, डिस्क लिहायला तासन्तास लागतात, माउसही चिकटल्यासारखा होतो. ड्राइव्ह साधारणपणे डीएमए पद्धतीने चालतो, म्हणजे माहिती प्रोसेसरला वेठीला न धरता थेट मेमरीत जाते. पण त्या वाहिनीवर एकूण सहा चुका किंवा खोळंबे झाले की एक्सपी सावधगिरी म्हणून एक पायरी खाली उतरते, आणि असं उतरत उतरत शेवटी पीआयओवर येऊन थांबते. तिथे प्रत्येक तुकड्यासाठी प्रोसेसरला राबावं लागतं. या चुका ओरखडलेल्या एखाद्या डिस्कमुळेही झालेल्या असू शकतात. डिस्क बाहेर काढली तरी शिक्षा कायम राहते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सेकंडरी आयडीई चॅनेलच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘पीआयओ मोड’ असं लिहिलेलं दिसलं, तर ते चॅनेल अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करायचं. विंडोज ते नव्याने शोधते आणि वेग परत येतो. महिन्याभरात पुन्हा तेच झालं, तर मात्र केबल बदलावी.

बायोसमध्येच ड्राइव्ह नसेल, तर कॅबिनेट उघडायचं. वीज बंद, तार भिंतीतून काढलेली. आयडीईच्या काळातल्या ड्राइव्हमागे जम्परची इवलीशी टोपी असते: मास्टर, स्लेव्ह, केबल सिलेक्ट. एका केबलवरचे दोन्ही ड्राइव्ह मास्टर असले की दोघंही रुसतात. ८० तारांच्या पट्टी केबलचं निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला. आयडीईनंतर आलेल्या साटा जोडणीच्या ड्राइव्हला जम्परची कटकट नाही, पण त्याची बारीक केबल ढिली पडते. ती दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवायची, जमल्यास मदरबोर्डवरचं दुसरं सॉकेट वापरून पाहायचं. सातत्याने ड्रायव्हरवर ज्याचं खापर फुटतं असं आणखी एक लक्षण म्हणजे सीडी चालते पण डीव्हीडी चालत नाही, किंवा उलट. सीडी ७८० नॅनोमीटरच्या लेझरने वाचली जाते, डीव्हीडी ६५० च्या. एकाच ड्राइव्हमध्ये या दोन्हींची सोय असते आणि त्यातलं एक थकू शकतं. तिथे रजिस्ट्री कितीही चाळली तरी हाती काही लागणार नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेली सिनेमाची डीव्हीडी इथल्या ड्राइव्हवर चालत नाही, तेव्हाही ड्रायव्हरचा दोष नसतो. सिनेमाच्या डीव्हीडींना जगाचे विभाग नेमून दिले होते: अमेरिका १, भारत ५. ड्राइव्हचा विभाग पाच वेळा बदलता येतो. पाचवा बदल कायमचा.

ड्राइव्ह खरोखर ‘मरतो’ अशी उदाहरणंही आहेत, आणि त्यातलं एक सॉफ्टवेअरच्या जगात फार मोलाचं मानलं पाहिजे. २००३ च्या शरद ऋतूत मँड्रेक लिनक्सची ९.२ आवृत्ती आली. ती टाकताना एलजीचे काही सीडी-रॉम ड्राइव्ह कायमचे ठप्प झाले. तपास केला तेव्हा कारण असं निघालं: त्या लिनक्सचा गाभा ड्राइव्हला ‘साठवलेलं सगळं लिहून टाक’ अशी एक सर्वमान्य आज्ञा पाठवत होता. नुसतं वाचणाऱ्या ड्राइव्हला लिहायचं काहीच नसल्याने एलजीने तीच आज्ञा आपल्या फर्मवेअरच्या नूतनीकरणासाठी वापरली होती. ड्राइव्हला वाटलं नवं फर्मवेअर येतंय. त्याने जुनं पुसलं आणि नवं काही आलंच नाही. लिहिणारे ड्राइव्ह यातून वाचले. आज्ञासंच ठरवून दिलेला असताना त्यातली आज्ञा परस्पर दुसऱ्या कामाला लावणं किती महागात पडतं, हे त्या ड्राइव्हांच्या मालकांना भोगावं लागलं. मँड्रेकने गाभा बदलला आणि एलजीने फर्मवेअर परत भरण्याची सोय दिली.

ड्राइव्ह दिसू लागला की त्याच दिवशी डिस्का उतरवून घ्याव्यात. महाराष्ट्रातल्या घराघरांत २००० च्या दशकातल्या मराठी नाटकांच्या आणि सिनेमांच्या व्हीसीडी, बारशा-मुंजींच्या आणि लग्नांच्या डीव्हीडी आजही कपाटांत आहेत, आणि त्यांतल्या घरगुती डिस्का बहुतांशी लिहिता येणाऱ्या, म्हणजे रंगद्रव्याच्या थरावर कोरलेल्या आहेत. तो थर काळानुसार फिका पडतो. सीडीत तो लेबलाच्या अगदी खाली असतो, त्यामुळे चकचकीत बाजूच्या ओरखड्यापेक्षा लेबलावरचा ओरखडा अधिक घातक. डीव्हीडीत तो दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो, तेवढा सुरक्षित.

व्हीसीडी उघडली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाचं फोल्डर दिसतं आणि त्यात ‘एव्हीसेक०१ डॉट डॅट’. नाटक त्याच फाइलीत आहे. ती हार्ड डिस्कवर घेतली की व्हीएलसीसारख्या प्लेअरवर थेट चालते. डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर असतं आणि चित्रण जवळपास १ जीबीच्या तुकड्यांत विभागलेलं. इथे एकेक तुकडा वेचण्यापेक्षा पूर्ण फोल्डर उचलावं, म्हणजे क्रम बिघडत नाही. मध्येच वाचन अडलं तर विंडोजची नेहमीची कॉपी सगळंच सोडून देते. त्यासाठी लिनक्समधलं डीडीरेस्क्यू उपयोगी पडतं. ते आधी सहज वाचता येणारा भाग उतरवतं, अडलेले भाग नोंदवून ठेवतं आणि नंतर त्यांच्यावर पुन्हा प्रयत्न करतं. ती नोंद जपून ठेवली तर उरलेला भाग दुसऱ्या ड्राइव्हवरही वाचून घेता येतो, आणि एका ड्राइव्हने नाकारलेलं दुसऱ्याने वाचलं असं नेहमी घडतं.

डिस्क टाकल्यावर ती कोरी असल्याचं दिसलं, पण चकचकीत बाजूला लिहिलेल्या भागाचं गडद वर्तुळ स्पष्ट असेल, तर ती अंतिम न केलेली डिस्क असण्याची शक्यता मोठी. डीव्हीडी लिहिणाऱ्या घरगुती कॅमेऱ्यांत आणि रेकॉर्डरांत ‘फायनलाइज’ करायचं राहून गेलं की असं होतं. अशी डिस्क नव्याने लिहायला मुळीच घेऊ नये. ज्या कॅमेऱ्यात किंवा रेकॉर्डरात ती भरली गेली तो घरात असेल तर त्यातच ती टाकून फायनलाइज करावी, आणि मगच कॉम्प्युटरकडे न्यावी.